गिअर कमी करताना रेस द्यावी का? मॅन्युअल गाडी शिकणाऱ्यांसाठी रेव्ह मॅचिंग

खालचा गिअर टाकताना, क्लच दाबलेला असतानाच हलकी रेस मारायची, इंजिनाचे फेरे त्या गिअरला हवेत तेवढे वाढवून घ्यायचे आणि मग क्लच सोडायचा. याला रेव्ह मॅचिंग म्हणतात. मॅन्युअल गाडीला ते चांगलं की वाईट? चांगलं. पण यूट्यूबवर सांगतात तेवढं जादूचं नाही, आणि सगळीकडे करण्याची गरजही नाही.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे सहसा शिकवत नाहीत. तिथला धडा सोपा असतो: क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सावकाश सोडा. तेवढ्यावर लायसन्स मिळतं आणि तेवढ्यावर गाडी वर्षानुवर्षं चालतेही. पण पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावला किंवा आंबोली उतरून सावंतवाडीला जायची वेळ आली, की दर वळणाआधी गिअर कमी करावा लागतो. मग दर वेळी गाडी नाक खाली घालते आणि मागच्या सीटवर कोणाला तरी मळमळू लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांना गाडी चालवता येते पण गिअर कमी करताना झटका बसतो.

झटका येतो कुठून

साधारण १२०० सीसीची पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला तिचा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा, काटा २००० च्या आसपास असतो. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये तो २८०० ते २९०० वर असायला हवा. यात मर्जीचा प्रश्नच नाही. चाकं, गिअर आणि इंजिन एकमेकांना दातांनी जोडलेले असतात, त्यामुळे वेग आणि गिअर ठरला की फेरेही ठरले.

आता तुम्ही क्लच दाबता. इंजिन मोकळं होतं आणि पाय रेसवरून उचललेला असल्याने काटा खाली घसरायला लागतो. दुसरा गिअर पडेपर्यंत तो १५०० वर आलेला असतो. या क्षणी क्लच सोडला, तर १५०० वर फिरणाऱ्या इंजिनाला क्षणात २८५० वर जावं लागणार. त्यासाठी लागणारी ताकद इंधनातून येत नाही, धावत्या गाडीच्या वेगातून ओढली जाते. गाडी अचानक अडते, तो झटका.

क्लच सावकाश सोडला तर झटका लागत नाही, पण काम तेच होतं, फक्त क्लच प्लेट घासत घासत होतं. प्लेट सरकत राहते, इंजिनाला हळूहळू वर खेचते आणि गरम होते. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी बसच्या बरोबरीने चार पावलं पळतो आणि मग पायरीवर पाय ठेवतो. रेव्ह मॅचिंगमध्ये इंजिन तेवढी चार पावलं आधीच पळून घेतं.

वरचा गिअर टाकताना हा त्रास नसतो. तिथे फेरे कमीच व्हायला हवे असतात आणि रेस सोडली की ते आपोआप कमी होतात. फक्त वेळ साधावी लागते. म्हणून पुढचं सगळं गिअर कमी करण्याबद्दल आहे.

फायदा नक्की कोणाला

पहिला फायदा क्लच प्लेटला. दर वेळी गिअर कमी करताना होणारी घासणी जवळजवळ संपते. पण इथे प्रमाण लक्षात ठेवा. आपल्याकडे क्लच प्लेट जळतात त्या गिअर कमी करताना नव्हे. जळतात त्या चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरल्याने, ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून बसल्याने आणि भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर उचलल्याने. या तीन सवयी असतील तर आधी त्या सोडा. त्या तशाच ठेवून रेव्ह मॅचिंग शिकण्यात काही अर्थ नाही.

दुसरा फायदा ड्राइव्ह शाफ्टला (चाकांना फिरवणारा दांडा) आणि इंजिन माउंटिंगला (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार). झटका शेवटी त्यांनाच सोसावा लागतो.

तिसरा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो ओल्या रस्त्यावरचा आहे. जून ते सप्टेंबरात कोकणातल्या घाटांत रस्त्यावर लाल माती वाहून आलेली असते, झाडांखाली शेवाळ आणि कुजलेली पानं असतात. अशा जागी जोरात पडलेला खालचा गिअर पुढच्या चाकांना क्षणभर एकदम रोखतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ओढणारी चाकं पुढचीच असतात आणि वळवणारीही तीच. ती घसरली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. एबीएस ब्रेकमुळे अडकलेलं चाक सोडवतं, गिअरने अडकवलेलं नाही. फेरे जुळवून टाकलेला गिअर चाकाला हिसका देत नाही.

आता एक गैरसमज. रेव्ह मॅचिंगमुळे गिअरबॉक्स जास्त टिकतो, असं बरेच जण सांगतात. गिअरबॉक्समध्ये दात जुळवून घेण्याचं काम सिंक्रोनायझर करतो, बहुतेक पितळेच्या कड्यांच्या घर्षणाने. क्लच दाबलेला असताना इंजिन गिअरबॉक्सपासून सुटलेलं असतं. तेव्हा तुम्ही कितीही रेस मारा, सिंक्रोनायझरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचा भार कमी करायचा असेल तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस मारावी लागते. ती वेगळी पद्धत आहे, पुढे येईल.

आणि पेट्रोलचं म्हणाल, तर अर्ध्या सेकंदाच्या रेसने मायलेज बिघडत नाही.

आधी गाडीचा तक्ता करा

प्रत्येक गाडीचे गिअर वेगळे, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचे आकडे उपयोगाचे नाहीत. स्वतःच्या गाडीचे काढायला एक फेरी पुरते. सोबत कोणीतरी असू द्या, आकडे त्याने टिपायचे. मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग स्थिर ठेवून इतकंच बघा:

३० च्या वेगाला तिसऱ्यात आरपीएम किती, दुसऱ्यात किती.
४० ला तिसऱ्यात किती, दुसऱ्यात किती.
५० ला चौथ्यात किती, तिसऱ्यात किती.
६० ला पाचव्यात, चौथ्यात आणि तिसऱ्यात किती.

वर सांगितलेल्या हॅचबॅकमध्ये ३० ला अंदाजे १५०० आणि २१००, तर ५० ला १८०० आणि २५०० येतील. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण पटीचं गणित बहुतेक गाड्यांत सारखंच निघतं. चौथ्यावरून तिसऱ्यावर काटा तिसऱ्या हिश्शाने ते चाळीस टक्क्यांनी वाढतो, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर दीडपटीच्या जवळ जातो आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना सगळ्यात मोठा हिसका बसतो. वेग १० च्या खाली आल्याशिवाय पहिल्या गिअरच्या वाटेला जाऊ नका. स्पीड ब्रेकरवर गाडी सरपटत असेल तर बहुतेकदा दुसराच पुरतो.

तक्ता पाठ करायची गरज नाही. आपल्याला लागणारी उडी ६०० ते ९०० आरपीएमची आहे, एवढं डोक्यात राहिलं तरी झालं. नवशिके हमखास ३५०० पर्यंत रेस मारतात, कारण व्हिडिओत तसा आवाज ऐकलेला असतो. ते व्हिडिओ ट्रॅकवरचे असतात.

आरपीएमचा काटाच नसलेल्या गाड्याही आहेत. तिथे कान वापरा. तीच गाडी त्याच वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये चालवून तिचा सूर ऐका. रेस मारताना तोच सूर गाठायचा. खरं तर काटा असलेल्यांनीही शेवटी आवाजावरच यायचं असतं, कारण घाटात डोळे रस्त्यावर लागतात.

सराव

जागा आधी निवडा. रविवार सकाळची एमआयडीसी उत्तम: रुंद रस्ते, सरळ पट्टे, वाहतूक नसते. मागे कोणी नाही हे आरशात बघूनच प्रत्येक प्रयत्न करायचा. इंजिन गरम झालेलं हवं. सकाळी गाडी चालू केल्या केल्या रेस मारत बसू नका. पायात चप्पल नको, पातळ तळव्याचे बूट बरे.

*पायरी पहिली, गाडी उभी.* न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. टाच गाडीच्या मजल्यावर टेकवा आणि फक्त पायाच्या पुढच्या भागाने रेस द्या. काटा २००० वर न्या, सोडा. २५०० वर न्या, सोडा. सुरुवातीला काटा कधी १८०० वर अडकेल, कधी ३२०० वर उडेल. हल्लीच्या गाड्यांत रेसचं पेडल तारेने नव्हे, संगणकामार्फत इंजिनाला जोडलेलं असतं, त्यामुळे पाय दाबल्यावर इंजिन किंचित उशिरा उठतं. हा उशीर किती हे पायाला कळलं पाहिजे. या पायरीला कंटाळवाणं समजून टाळू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

*पायरी दुसरी, रेस न देता.* ३० च्या वेगाने तिसऱ्यात चाला. क्लच दाबा, दुसरा टाका, रेस देऊ नका आणि क्लच अगदी सावकाश सोडत काट्याकडे बघा. तुम्ही काहीही न करता काटा वर चढताना दिसेल. क्लच प्लेट इंजिनाला वर ओढते ती हीच. दोन-तीनदा बघितलं की पुढे काय टाळायचं आहे ते नीट समजतं. त्याहून जास्त वेळा करून प्लेट झिजवू नका.

*पायरी तिसरी, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर.* पुन्हा ३० चा वेग, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही. क्रम असा: रेसवरून पाय उचला, क्लच पूर्ण दाबा, लिव्हर दुसऱ्यात न्या, लिव्हर आत बसत असतानाच हलकी रेस मारा आणि काटा वर असताना क्लच सोडा. हे सगळं सव्वा-दीड सेकंदात व्हायला हवं. सुरुवातीला ते दोन-अडीच सेकंद घेईल, चालेल. रेस मारून मग थांबलात, तर काटा पुन्हा खाली येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून रेस आणि क्लच सोडणं यांत अंतर नको. अनेकांना उलटं सोपं जातं: रेस मारून काढून घेण्याऐवजी ती २१०० वर हलकेच धरून ठेवायची आणि क्लच सोडायचा. नवशिक्यांना मी हीच पद्धत सुचवेन. झटपट रेस नंतर येते.

जमलं हे कसं कळणार? काहीच होणार नाही. क्लच सुटल्यावर काटा आहे तिथेच राहील, डोकी हलणार नाहीत आणि गिअर बदलल्याचं शेजारच्याला कळणार नाही.

*पायरी चौथी, चौथ्यावरून तिसऱ्यावर.* वेग ५०. इथे उडी पटीने किंचित लहान आणि वेळ मोकळा, त्यामुळे ही पायरी तिसरीपेक्षा सोपी वाटते. रोजच्या वापरात सगळ्यात जास्त कामाला येते तीही हीच. दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं असतं, चौथ्यात गाडीला पिकअप नसतो, तिसरा टाकावा लागतो. फेरे जुळलेले असले की क्लच सुटताक्षणी गाडी पुढे झेपावते. नाहीतर आधी अडते आणि मग उचलते, आणि तो गमावलेला सेकंद समोरून येणाऱ्या टेम्पोला मिळतो.

इथपर्यंत पाय बसायला काहींना एक रविवार लागतो, काहींना महिना. घाई नाही. पण पुढचा भाग येईपर्यंत घाटात प्रयोग करू नका.

लिव्हर अडला तर ढकलू नका

सगळ्यात महाग चूक रेव्ह मॅचिंगची नसून लिव्हरची असते. १०० च्या वेगाला पाचव्यातून चौथ्यात यायचं असतं आणि हात चुकून दुसऱ्यात जातो. आपल्या नमुन्याच्या गाडीत तेव्हा इंजिनाला ७००० च्या वर फिरावं लागेल, आणि तिची लाल रेषा, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा, ६००० ते ६५०० च्या दरम्यान असते. रेस जास्त झाली तर इंजिनाचा संगणक इंधन तोडून वाचवतो. इथे मात्र इंजिनाला फिरवणारं इंधन नसून चाकं असतात, तिथे संगणक काही करू शकत नाही. व्हॉल्व वाकणं, पिस्टनला मार बसणं, इंजिन उघडावं लागणं, सगळं शक्य आहे.

चुकीच्या गिअरमध्ये जाताना लिव्हर सहसा अडतो, जड लागतो. तो सिंक्रोनायझरचा नकार असतो. अशा वेळी ताकद लावायची नाही. लिव्हर मधे न्यूट्रलमध्ये सोडायचा, तो आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येतो, तिथून सरळ मागे ओढला की चौथा. लिव्हर मुठीत आवळून न धरता तळहाताने ढकलायची सवय लावली, तर ही चूक बहुतेक होतच नाही.

उतार, ब्रेक आणि रेस एकत्र

खरा प्रश्न इथे आहे, कारण पाय दोनच आहेत. डावा क्लचवर. उजवा ब्रेकवर असेल तर रेस कोण देणार?

रेसिंगवाल्यांचं उत्तर हील-टो: उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक धरायचा आणि त्याच पायाची कड किंवा टाच फिरवून रेस मारायची. बघायला झकास. पण आपल्या रोजच्या गाड्यांत ब्रेकचं पेडल रेसच्या पेडलापेक्षा बरंच वर असतं, पाय वाकडा करताना ब्रेकवरचा दाब कमीजास्त होतो, आणि उतारावर ब्रेकचा दाब कमीजास्त होणं हीच नको असलेली गोष्ट. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये. रस्त्यावर त्याची गरजही नाही.

रस्त्यासाठी साधा नियम पुरतो: आधी ब्रेक, मग गिअर. वेग ब्रेकने कमी करा, ते काम संपवा, मग ब्रेक सोडून गिअर बदला. वेग कमी करायला गिअर वापरू नका; ब्रेक पॅड क्लच प्लेटपेक्षा खूप स्वस्त असतात आणि बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. खालचा गिअर वेग कमी करायला नाही, तर कमी केलेला वेग पुढे तसाच टिकवायला असतो.

पण सपाटीवरचा हा क्रम उतारावर थोडा बदलावा लागतो. क्लच दाबला आणि ब्रेकही सोडला की गाडीला धरून ठेवणारं कोणी उरत नाही. वीसात एक उताराचा (वीस मीटरला एक मीटर खाली जाणारा) रस्ता असेल, तर एका सेकंदात वेग सुमारे दीड-पावणेदोन किलोमीटरने वाढतो. उतार तीव्र असेल तर आणखी. म्हणून ३० च्या वेगाने दुसऱ्यात यायचं असेल, तर ब्रेकने २५ पर्यंत या आणि मग गिअर बदला. नवीन असताना गिअर बदलायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात गाडी २८-२९ वर जाईल आणि क्लच सुटेल तेव्हा सगळं जागेवर बसेल.

त्याहून चांगलं म्हणजे गिअर उतारावर बदलायचाच नाही. घाटमाथ्यावर, पहिल्या वळणाच्या आधी, रस्ता अजून सपाट असतानाच तिसरा किंवा दुसरा टाकून घ्या. आंबोलीसारख्या घाटात वरून निघताना तशी जागा मिळते. कोणता गिअर टाकायचा यासाठी जुन्या चालकांचा ठोकताळा अजूनही बरोबर आहे: तोच रस्ता चढायचा असता तर जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. त्या गिअरमध्ये पाय रेसवरून काढला, की गाडीने वेग स्वतःहून धरून ठेवायला हवा. वळणापूर्वी अधूनमधून ब्रेक लागला तर ठीक. सतत ब्रेक दाबून ठेवावा लागत असेल, तर गिअर एक पायरी वर आहे असं समजा.

वळणाच्या आत मात्र क्लचला हात लावू नका. ब्रेक आणि गिअर दोन्ही वळणाच्या आधी, रस्ता सरळ असताना. वळणात गाडी गिअरमध्ये, पाय हलका. आणि वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे; चढावर थांबलेल्या भरलेल्या ट्रकला पुन्हा निघणं किती अवघड असतं हे त्याच्या चालकाला विचारा.

काही जण पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलवर उतरतात. यात पेट्रोल वाचत नाही. इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर लागलेला असताना रेसवरून पाय काढला, की इंजिनाला इंधन जाणं बंद होतं. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. फेरे आयडलिंगच्या, म्हणजे रेस न देता इंजिन जेवढं फिरतं त्याच्या, जवळ येईपर्यंत हे चालू राहतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतंच. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त पेट्रोल जाळतो आणि वर ब्रेकही तापवतो. तापलेल्या ब्रेकचा दाब हळूहळू पोकळ लागायला लागतो, जळका वास येतो, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून पेडल थेट खाली जाऊ शकतं. इंजिनच बंद करून उतरणं हा तर वेडेपणा आहे: दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकची पॉवर संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

आणि न्यूट्रलमध्ये सुटलेली गाडी पुन्हा गिअरमध्ये घ्यायची वेळ आलीच, तर तिथेही रेव्ह मॅचिंगच लागतं. ५० च्या वेगाने न्यूट्रलमध्ये जाणाऱ्या गाडीचं इंजिन ८०० वर असतं. तिसरा टाकून क्लच सोडला, तर त्याला एकदम २५०० वर जायचंय. ओल्या घाटात हे करून बघू नका.

काय बिघडलं ते ओळखायचं कसं

क्लच सुटताना नाक खाली गेलं, तर रेस कमी पडली, किंवा रेस दिली पण क्लच उशिरा सुटला. बहुतेक वेळा दुसरंच. गाडी पुढे ढकलल्यासारखी झाली, तर रेस जास्त झाली. ही चूक पहिलीपेक्षा बरी, पण समोर गाडी जवळ असेल तर तीही वाईट. रेस मारताना गाडीच पळायला लागली, तर क्लच पूर्ण दाबलेला नव्हता. लिव्हर टाकताना खर्र आवाज आला, तर त्याचा रेसशी काही संबंध नाही: क्लच अर्धवट दाबला गेलाय, क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक तपासायला हवं, किंवा त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजलाय. एकाच गिअरला नेहमी येत असेल तर शेवटचं.

जळका वास आला की त्या दिवशीचा सराव थांबवा.

डिझेल आणि इतर प्रकार

डिझेलमध्ये फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं फिरतं वजनी चाक) जड, त्यामुळे काटा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. रेस किंचित आधी आणि किंचित जास्त वेळ द्या. फेऱ्यांचा पल्लाही लहान असतो, लाल रेषा ४५०० ते ५००० च्या आसपास, म्हणून खालचा गिअर टाकण्याआधी वेग नीट कमी करा.

आयएमटी ही अक्षरं बघून गोंधळू नका. ह्युंदाई आणि किया यांनी २०२० मध्ये आपल्याकडे आणलेल्या आयएमटीत क्लचचं पेडलच नाही; गिअर हाताने, क्लच यंत्राने. टोयोटाच्या मॅन्युअल गाड्यांत हीच अक्षरं वेगळ्या अर्थाने येतात: तिथे क्लच पेडल असतं आणि गाडी स्वतःच फेरे जुळवून देते. अशी सोय सर्वात आधी निस्सानच्या ३७०झेड या स्पोर्ट्स कारमध्ये आली. तुमच्या गाडीत ती असेल, तर वरचा सराव ती बंद करता येते का बघून मगच करा, नाहीतर रेस कोणी मारली हेच कळणार नाही.

जुन्या ट्रक-बसचे चालक गिअर कमी करताना क्लच दोनदा दाबत. त्याला डबल क्लच म्हणतात. एकदा क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. त्या गिअरबॉक्सना सिंक्रोनायझर नव्हता, म्हणून न्यूट्रलमध्ये क्लच सोडून गिअरबॉक्सच्या आतले फेरेही इंजिनानेच वाढवून घ्यावे लागत. आजच्या गाडीत याची गरज नाही. एखादा सिंक्रोनायझर झिजलेला असेल आणि गॅरेजला जाईपर्यंत दिवस काढायचे असतील, तर उपयोगी पडतं.

शहरात? हडपसर किंवा ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये २० च्या वेगाने रांगत असाल, तर रेव्ह मॅचिंग विसरा. फेऱ्यांचा फरक इतका थोडा असतो की क्लच नीट सोडला तरी पुरतं, आणि दर दोन मिनिटांनी रेस मारणारा चालक शेजारच्यांना फक्त हास्यास्पद वाटतो. सिग्नलला थांबायला जातानाही एकेक गिअर पाडत जायची गरज नाही. ब्रेक लावा, फेरे आयडलिंगजवळ आले की क्लच दाबा आणि थेट न्यूट्रल करून थांबा.

शेवटी, सराव सुरू करण्याआधी तुमची क्लच प्लेट अजून शाबूत आहे ना, ते बघून घ्या. मोकळ्या रस्त्यावर ४५-५० च्या वेगाला चौथ्या किंवा पाचव्यात रेस पूर्ण दाबा. काटा आणि वेग एकमेकांसोबत सावकाश चढले तर ठीक. काटा भर्रकन ३०००-३५०० वर गेला आणि वेग जागच्या जागी राहिला, तर प्लेट सरकतेय. अशा गाडीवर रेव्ह मॅचिंग बरोबर झालं की चुकलं, काहीच कळणार नाही. मेकॅनिककडे जा, आणि प्लेट बदलताना प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग हे क्लचचे बाकीचे भागही सोबतच बदलून घ्या. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा द्यायला लागू नये.